ट्रोसेनची 'पुरुस' रीसलिंग: घाई असेल तर ही बाटली उघडू नका

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रीसलिंग (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) म्हटलं की बहुतेकांना गोडसर, हलकी, पाण्यासारखी स्वच्छ वाइन आठवते. ट्रोसेनची पुरुस ग्लासात ओतली की तसं काहीच दिसत नाही, थोडी गढूळ, रंग सोनेरीकडे झुकलेला, आणि तोंडात घेतली तर गोडवा जवळजवळ नाहीच. मला ही वाइन मनापासून आवडते, पण सगळ्यांना आवडेल असं अजिबात म्हणणार नाही.

किनहाइम हे मोझेलच्या काठचं छोटं गाव, तिथे रीता आणि रुडोल्फ ट्रोसेन या नवरा-बायकोनी १९७८ मध्येच बायोडायनॅमिक शेती (सेंद्रियच, पण चंद्र-ग्रहांचा हिशोब धरून) धरली, म्हणजे नॅचरल, बाहेरचं काही न घालता केलेल्या वाइनची फॅशन यायच्या कितीतरी आधी. पुरुस ही मालिका मात्र २०१० च्या हंगामापासूनची. यात यीस्ट बाहेरचं नाही, फिल्टर नाही, आणि सल्फर (वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट) तर आंबवताना नाही, बाटलीत भरताना पण नाही. हे वाचायला सोपं वाटतं पण मोझेलमध्ये असं करणं फार धाडसाचं आहे, कारण तिथली जुनी गोडसर स्टाइल सल्फर आणि फिल्टरवरच उभी आहे. साखर शिल्लक असलेली वाइन तशीच भरली तर यीस्ट बाटलीत परत कामाला लागतं, म्हणून पुरुसला शेवटपर्यंत आंबू द्यावं लागतं आणि म्हणूनच ती इतकी कोरडी लागते. कुणी फसवून कमी गोड दिलीये असं वाटून घेऊ नका.

बायोडायनॅमिकबद्दल माझं मत सरळ सांगतो. रुडोल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंतानी १९२४ मध्ये कोबरवित्झ या गावी शेतीवर व्याख्यानं दिली, हे सगळं तिथून सुरू झालं. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, नंतर ते थोडंसं घेऊन पाण्यात तासभर ढवळायचं आणि शिंपडायचं, शिवाय चंद्र-ग्रहांचा हिशोब. ग्रहांचा भाग मला पटत नाही, त्याला धड पुरावा पण नाही. पण असं काम करणारा माणूस सतत बागेत असतो, प्रत्येक वेल त्याच्या नजरेखालून जाते, आणि मोझेलच्या त्या अंगावर येणाऱ्या स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) उतारांवर ट्रॅक्टर चालत नाही तिथे याला खूप किंमत आहे. पाऊस जास्त झाला की डाउनी मिल्ड्यू हा बुरशीचा रोग येतो आणि तेव्हा सेंद्रियवाल्यांना पण तांबं फवारावंच लागतं, तेही मोजूनमापून. म्हणजे "काहीच फवारलेलं नाही" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि तळघरात सल्फर टाळायचं तर द्राक्षं निरोगीच लागतात, सडका घड चालतच नाही, तो हाताने वेचून टाकावा लागतो. पुरुसची खरी मेहनत मला तरी इथे दिसते.

आता चव. या मालिकेतली शीफरस्टर्न पुरुस उघडल्या उघडल्या जरा बंद वाटते, सफरचंदाची साल, ओली पाटी, थोडा पावाच्या पिठाचा वास, आणि बास. लोक इथेच निकाल देऊन मोकळे होतात. तासभर डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणूनचं काचेचं भांडं) ठेवा, मग जर्दाळू येतो, सुक्या गवती फुलांचा वास येतो, आणि शेवटी एक खारट चव जिभेवर रेंगाळते जी मला फक्त स्लेटवरच्या रीसलिंगमध्येच सापडते. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी अजून छान लागते, हे साध्या रीसलिंगच्या बाबतीत मी क्वचितच बघितलंय. मालिकेतली दुसरी, पिरामिडे, जास्त भारदस्त आहे, तिला वेळ पण जास्त लागतो, म्हणून पहिल्यांदा घेत असाल तर शीफरस्टर्नच घ्या.

फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका, ११-१२ डिग्री बरोबर. आधी एक दिवस बाटली उभी ठेवली की गाळ खाली बसतो. श्पार्गेलच्या (म्हणजे शतावरीच्या कोंबांच्या, अ‍ॅस्पॅरॅगसच्या) सीझनमध्ये लोण्यात परतलेल्या पांढऱ्या श्पार्गेलबरोबर घेऊन बघा, गोडसर रीसलिंगपेक्षा कितीतरी नीट जमते.

"सल्फर नाही म्हणजे डोकं दुखणार नाही" हे मात्र डोक्यातून काढा. आंबताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं (लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर लिहावंच लागतं) आणि अल्कोहोल तर आहेच.

सल्फर नसल्याची जोखीमही खरी आहे. दुसऱ्याच एका वाइनरीच्या बाटलीत मला तो उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास लागलाय, घोट गिळल्यावर मागून येतो आणि जाता जात नाही. तसं झालं तर हवा देऊन उपयोग नसतो, सरळ दुकानदाराशी बोला.

किंमत सुपरमार्केटच्या रीसलिंगच्या कितीतरी पट आहे, रोजची वाइन म्हणून परवडणार नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात, पण घरी थंड तळघर नसेल तर पेटी मागवू नका, एकेकच बाटली घ्या. आणि युरोपातल्या ऐन उन्हाळ्यात कुरियरने तर नकोच, ही वाइन तापलेल्या गाडीत दिवस काढायला बनलेली नाही, सप्टेंबरनंतर मागवा.