घरपोच कार डिटेलिंगचा इन्शुरन्स: व्हॅनची पॉलिसी, दुकानदार पॅकेज की लायबिलिटी?

घरपोच डिटेलिंग, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये जाऊन गाडी धुणं, पॉलिश आणि कोटिंग करणं, हे सुरू करणाऱ्या पोरांचे मला अधूनमधून फोन येतात, पॉलिशर कुठला घेऊ, कोटिंग कुठलं मारू, जनरेटर किती केव्हीएचा लागेल, सगळं विचारतात आणि मी इन्शुरन्सचं काढलं की म्हणतात आहे की दादा, व्हॅनचा फर्स्ट पार्टी आहे. मी पुण्यात वाकड, बाणेर, पिंपळे सौदागर या पट्ट्यात सात वर्षं हेच काम करतोय, एक व्हॅन, मागे पाण्याची टाकी, प्रेशर पंप, जनरेटर आणि हाताखाली दोन पोरं. म्हणून कळकळीने सांगतो, व्हॅनचा इन्शुरन्स हा व्हॅनचा असतो. ज्या गाडीवर आपण सहा सहा तास हात फिरवतो ती गिऱ्हाइकाची गाडी त्यात कुठेच येत नाही.

त्यामुळे खालचे सगळे पर्याय एकाच प्रश्नावर घासून बघा, गिऱ्हाइकाची गाडी माझ्या ताब्यात असताना त्याच गाडीला काही झालं तर पैसे कोण देणार? बाकीचे प्रश्न नंतरचे.

आधी व्हॅनचंच बघू, कारण ती पॉलिसी कायद्याने घ्यावीच लागते, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६. इथे पहिली चूक होते ती पांढऱ्या प्लेटची. घरची ईको आहे, त्यातच टाकी आणि पंप टाकला आणि धंदा चालू. असं का करतात तेही कळतं, १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या प्रायव्हेट कारचा थर्ड पार्टी प्रीमियम ३,४१६ रुपये आणि साडेसात टनांपर्यंतच्या माल वाहतुकीच्या गाडीचा १६,०४९, टॅक्स वेगळा. फरक मोठा आहे, मान्य. पण प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत वापराच्या अटी लिहिलेल्या असतात, त्यात भाड्याने चालवणं आणि सॅम्पल किंवा स्वतःचं सामान सोडून माल वाहणं बाहेर ठेवलेलं असतं, मग हायवेला व्हॅन ठोकली आणि मागे टाकी, पंप, केमिकलचे कॅन दिसले की सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारणार. पिवळ्या प्लेटवर पासिंग करून घेतलं तर हा वाद राहत नाही. टाकी पक्की बसवली असेल तर आरटीओत आणि कंपनीत दोन्हीकडे कळवून ठेवा. आणि व्हॅनच्या आयडीव्हीत, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीत, पंप, जनरेटर, व्हॅक्यूम यांची किंमत धरलेली नसते हे लक्षात असू द्या.

थर्ड पार्टीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा असते, माणूस जखमी झाला किंवा गेला तर तशी मर्यादा नाही. पण हे सगळं व्हॅनमुळे झालेल्या अपघातापुरतं. व्हॅन उभी आहे, तुम्ही बाजूच्या गाडीच्या बॉनेटवर रबिंग, म्हणजे मशीनने घासून पॉलिश, करताय आणि पेंट जळला, तर त्याचा व्हॅनशी काही संबंध नाही.

एजंट लोक दुसरं जे गळ्यात मारतात ते दुकानदार पॅकेज, किंवा भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. भारत सूक्ष्म ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आलीय, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या छोट्या धंद्यांसाठी, आग, वादळ, पूर, भूकंप असं बरंच येतं आणि चांगली पॉलिसी आहे, मी वाईट म्हणणार नाही. पण ती जागेला बांधलेली आहे. तुमचं गोडाऊन असेल, शेड असेल, तिथे कोटिंगचा माल आणि मशीन ठेवत असाल तर जरूर घ्या. आपलं सामान मात्र सकाळी आठला व्हॅनमध्ये चढतं आणि रात्री उतरतं, दिवसभर ते दहा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फिरतंय, त्या वेळी पॉलिसीवरच्या पत्त्यावर काय असतं, रिकामे ड्रम. दुकानदार पॅकेजमध्ये घरफोडीचा भाग असतो तोही नीट वाचा, घरफोडी म्हणजे कुलूप तोडून, जोर लावून आत शिरल्याची खूण पाहिजे, सुप्रीम कोर्टानेही २००४ साली पॉलिसीतल्या शब्दांप्रमाणे हेच धरलंय. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडा ठेवून पोरगं पाणी भरायला गेलं आणि पॉलिशर उचलला गेला तर यात बसत नाही. फिरत्या सामानासाठी ऑल रिस्क प्रकारची पॉलिसी वेगळी मागावी लागते, त्यात मशीनचे सीरियल नंबर आणि बिलं लागतात, म्हणून बिलाशिवाय मशीन घेऊ नका, जीएसटी वाचवायला गेलात तर क्लेम जातो.

आता मुख्य विषय, पब्लिक लायबिलिटी. इथे नावाचा गोंधळ फार होतो. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा आहे तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी, आपल्याला हवी ती साधी, नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. तुमच्या कामामुळे तिसऱ्याच माणसाला इजा झाली किंवा त्याची वस्तू बिघडली तर ती भरून देते, पाईपमध्ये पाय अडकून सोसायटीतले काका पडले, प्रेशरच्या पाण्याने शेजारच्या गाडीचा आरसा गेला, असलं सगळं. सोसायटीचे सेक्रेटरी हल्ली इन्शुरन्स आहे का विचारतात तेव्हा त्यांना हीच दाखवायची.

आणि एवढं सगळं चांगलं असताना त्यातच एक ओळ असते की विमाधारकाच्या देखरेखीत, ताब्यात किंवा नियंत्रणात असलेल्या मालमत्तेचं नुकसान वगळलेलं आहे. म्हणजे शेजारची गाडी कव्हर, आणि जिच्यावर काम चालू आहे ती गाडी बाहेर! मला ही ओळ पॉलिसी घेऊन दीड वर्षाने कळली. काळी सेडान होती, बॉनेटची कड, जिथे पत्रा वळतो तिथे पेंट आधीच पातळ असतो, माझ्या पोराने पॅड तिरकं धरून तिथेच जरा जास्त वेळ ठेवलं आणि बोटभर लांबीची पांढुरकी रेघ उमटली. पुसली तरी जाईना. क्लिअर कोट, म्हणजे पेंटवरचा पारदर्शक थर, गेला होता. बॉनेट पूर्ण पेंट करून द्यावं लागलं, अकरा हजार माझ्या खिशातून, आणि क्लेम नाकारल्याच्या कंपनीच्या पत्रात कारणं दोन लिहिलेली, एक ताब्यातली मालमत्ता आणि दुसरं सदोष कारागिरी.

म्हणून लायबिलिटी घेताना ताब्यातल्या गाड्यांसाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वाढीव कव्हर, मिळतंय का ते विचारा, मर्यादा किती, आणि काम करताना झालेलं नुकसान त्यात येतं का नुसतं आग-चोरी-धडक येतं, हे वेगवेगळं विचारा. सगळ्या कंपन्या देत नाहीत, देतात तेव्हा मर्यादा छोटी ठेवतात. खराब झालेलं काम परत करून द्यायचा खर्च साधारण कोणीच देत नाही, तेवढं धंद्याच्या खर्चात धरून चाला.

आकडे वाचताना एका घटनेची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा असे दोन आकडे असतात, ५ लाख आणि २० लाख असं काहीतरी, एजंट मोठाच सांगतो. दुसरं, या प्रकारात बहुतेक वेळा क्लेम ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीतून भरला जातो, आणि मागे किती तारखेपर्यंतची घटना धरायची ती तारीख पॉलिसीवर छापलेली असते. रिन्यूअल चुकवलं तर ती तारीख पुढे सरकू शकते आणि मागचं सगळं उघडं पडतं. पाच दिवसही गॅप ठेवू नका.

मोटर ट्रेड पॉलिसी नावाचा अजून एक प्रकार आहे, गॅरेजवाले आणि डीलर घेतात. त्यात इंटर्नल रिस्क म्हणजे तुमच्या आवारात असलेल्या गाड्या, आणि रोड रिस्क म्हणजे रस्त्यावर चालवताना. आवारच नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही. पण गाडी पिकअप करून शेडवर आणत असाल तर रोड रिस्कचं विचाराच, कारण गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पॉलिसीत वापराच्या त्याच अटींमध्ये मोटर ट्रेडशी संबंधित वापर वगळलेला असतो. बेसमेंटमध्ये पाणी काढायला जागा नाही म्हणून पोरगं गाडी वर घेऊन आलं आणि खांबाला घासली, डावीकडचं मागचं दार आणि फेंडर, हे माझ्याकडे झालेलं आहे. गिऱ्हाईक सज्जन, म्हणाले माझ्या इन्शुरन्समधून करू. सर्व्हेअरने विचारलं कोण चालवत होतं, कशासाठी, आणि त्यावरच क्लेम अडकला. शेवटी तेवीस हजार मीच दिले. आणि समजा पास झाला असता तरी त्यांचा ५० टक्के नो क्लेम बोनस शून्यावर आला असता, तो फरक तरी कोणी द्यायचा? त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची गाडी आमच्याकडे कोणी हलवत नाही, मालकाला खाली बोलावतो.

पोरांच्या बाबतीत मात्र मी तुलना करणार नाही, एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन पॉलिसी घ्यायचीच. ओला फ्लोअर, जनरेटर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि प्रेशरचं पाणी, शॉक लागायला किती वेळ लागतो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, साधारण दहा माणसांपासून लागतो, आपल्याकडे दोन-तीन, म्हणजे जबाबदारी थेट आपल्यावर. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र असं की कामावर मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला फॅक्टर, पंचवीस वर्षांच्या मुलाला तो २१६.९१, पगार १५,००० धरला तर १६,२६,८२५ रुपये. आपली व्हॅन विकून एवढे येत नाहीत. पगार कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा ॲड करून घ्या. सोबत बँकेतून २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा बीमा काढून द्या, २ लाखांचं अपघाती कव्हर आहे, पण ते त्या मुलाचं स्वतःचं, तुमची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

मग कोणी काय घ्यावं. एकटाच दुचाकीवर बादली, फोम स्प्रेअर, व्हॅक्यूम घेऊन फिरत असाल, नुसतं वॉशिंग आणि इंटिरिअर, तर छोटी पब्लिक लायबिलिटी आणि स्वतःचा पर्सनल ॲक्सिडेंट, बस. व्हॅन आणि पोरं असतील, रबिंग-पॉलिशिंग करत असाल तर पिवळ्या प्लेटची व्हॅन पॉलिसी, एक्स्टेन्शनसकट लायबिलिटी, पोरांची पॉलिसी, आणि पैसे उरले तर मशीनची, याच क्रमाने. हातात पैसे कमी असतील तर मशीनची सोडा, पॉलिशर परत घेता येतो. शेड असेल तरच दुकानदार पॅकेज आणि मोटर ट्रेड.

प्रत्येक गाडीचे आधीचे फोटो काढा, कडा आणि बंपर जवळून, आणि पेंटची जाडी मोजायच्या गेजवरचं मायक्रॉनचं रीडिंग फोटोत दिसू दे, क्लेमलाही लागतं आणि गिऱ्हाइकाशी बोलतानाही. प्रीमियम कंपनीत जमा झाल्याशिवाय कव्हर चालू होत नाही, एजंटला रोख दिले म्हणजे झालं असं नाही, पॉलिसीवरची तारीख आणि वेळ बघूनच कामाला निघा. आणि क्लेम नाकारला तर गप्प बसू नका, एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात, पुण्यात ऑफिस आहे, उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवलंत तर सूक्ष्म उद्योगाचा पुरावा हातात असतो.

मी दर रिन्यूअलला कंपनीला एकच मेल टाकतो, "गिऱ्हाइकाच्या पार्किंगमध्ये, गिऱ्हाइकाच्या गाडीवर मशीनने पॉलिश करताना त्याच गाडीच्या पेंटचं नुकसान झालं तर ते या पॉलिसीत कव्हर आहे का, हो किंवा नाही." उत्तर फोनवर आलं तर मेलवर टाका म्हणतो, आणि मेल आल्यावरच पैसे भरतो.