पांदणीसाठी एटीव्ही: चेनवाली की शाफ्टवाली?

शेत पांदणीच्या टोकाला असलं की एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली रानात चालणारी चारचाकी, घेताना पेच पडतोच: चेनवाली टू-व्हील ड्राइव्ह घ्यावी की शाफ्टवाली (चेनऐवजी फिरत्या दांड्यानं चाकांना जोर देणारी) फोर बाय फोर, जिची चारही चाकं ओढतात? सीसीचे आकडे बाजूला ठेवा, आधी चिखल पाहा.

यवतमाळ-वर्ध्याकडची काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. चेनवालीची फक्त मागची चाकं फिरतात आणि जागीच खड्डा करतात. शिवाय गारा स्प्रॉकेटमध्ये अडकतो, दात झिजतात, चेन सैल होऊन उतरते. धुणं आणि ऑइल देणं रोजचंच.

शाफ्टला ही कटकट नाही, पण पऱ्हाटीची धसकटं सांभाळा. एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि जॉइंट गेला! बूट वेळीच बदलला तर खर्च थोडक्यात भागतो. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर) असेल तर ओझं ओढताना लो गिअरच टाका, हायमध्ये बेल्ट जळतो.

किमतीत चेनवाली बरीच स्वस्त, दुरुस्तीही गावातला मोटरसायकल मिस्त्री करतो.

बाभळीचा काटा दोघींनाही लागतो, टायरमध्ये सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रावण) भराच. आरटीओ नोंदणी होते का, ते पैसे देण्याआधी लेखी घ्या. बऱ्याच एटीव्हींची होत नाही, मग त्या डांबरीवर काढता येत नाहीत.

बरड, मुरमाड रान आणि फवारणीचा पंप नेण्यापुरतं काम असेल तर चेनवाली पुरते. भारी जमीन, वाटेत नाला, मागे ट्रॉली असेल तर फोर बाय फोरच घ्या.