निवेदनात पहिली मागणी कोणती: अनुदान बंद करा की शुल्क कमी करा?

नागपूर जिल्ह्यातले कापूस उत्पादक गट आणि शहरातले शिवणकामाचे बचत गट श्रीमंत देशांच्या व्यापार धोरणावर एकत्र निवेदन देणार असतील, तर पहिल्याच कलमावर अडतील. कारण अनुदानाचा फटका एकाला बसतो आणि शुल्काचा दुसऱ्याला.

आधी अनुदान. कापसाचा भाव पडला की अमेरिकेचं सरकार तिथल्या शेतकऱ्याचा तोटा बऱ्याच अंशी भरून देतं. मग मंदीतही तिथला पेरा टिकतो, माल येत राहतो आणि भाव आणखी दबतो. रुईचा भाव जगाच्या बाजाराकडे बघून ठरत असल्याने ही झळ काटोल-सावनेरच्या पऱ्हाटीपर्यंत येते. आपल्याकडे निदान हमीभाव आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीसारख्या गरीब देशाच्या सरकारला अमेरिकेएवढा तोटा भरून देणं परवडत नाही. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हेच गाऱ्हाणं मांडलं. ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली, जिंकली आणि अमेरिकी मालावर जादा शुल्क लावायची परवानगीही मिळवली. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. मालीने असं शुल्क लावलं तर अमेरिकेला त्याचं काय? म्हणून हा विषय भारतासारख्या मोठ्या देशाने रेटायला हवा. मात्र तयारीने जावं, कारण २०१८ मध्ये अमेरिकेनेच आपल्या कापसाच्या हमीभावावर बोट ठेवलं होतं.

शुल्काचा मार शिवणाऱ्या हातांवर. सुती टी-शर्टवर अमेरिकेचं मूळ आयात शुल्कच १६.५ टक्के. बांगलादेशसारख्या देशालाही तिथे कपड्यांवर सूट नाही, तर युरोपीय संघाने सर्वांत गरीब देशांना २००१ पासून शस्त्रं सोडून सगळ्या मालाला बिनशुल्क वाट दिली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने गिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस स्वस्त झाला आणि परदेशातल्या शुल्काचं ओझं असं थेट आपल्या कापूसवाल्याच्या डोक्यावर आलं, तेही ऐन वेचणीच्या तोंडावर.

माझं मत स्पष्ट आहे. कापूस गटाने अनुदान पहिलं ठेवावं, शिवणकामवाल्यांनी शुल्क. निवेदन एकच द्यायचं तर ‘कापसाचं अनुदान बंद करा’ ही मागणी वर घ्या. शुल्क आज चढतं, उद्याच्या करारात उतरतं. अनुदान कायद्यात मुरलेलं असतं आणि त्याला हलवायला वर्षानुवर्षं लागतात.

फक्त ‘शेतीची सगळी अनुदानं बंद करा’ असं सरसकट लिहू नका. अनेक गरीब देश बाहेरचं धान्य विकत घेऊन खातात, आणि अनुदानं गेली तर ते महागू शकतं. २००८ मध्ये जगभर धान्य महागलं तेव्हा हैतीत लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधानांना पद सोडावं लागलं. मागणी कापसापुरती ठेवा, आणि धान्याबद्दल लिहायचंच असेल तर आयातदार गरीब देशांना आधी मदत मिळावी, असं त्याच वाक्यात नोंदवा.