क्वांटम एस्प्रेसो : विनामूल्य, भरवशाचे, पण चुकीच्या आकड्यालाही न अडवणारे सॉफ्टवेअर

बॅटरीसाठी नवे पदार्थ शोधताना प्रयोगशाळेतील भट्टी पेटण्याआधीच बरेचसे काम संगणकावर उरकले जाते आणि त्या कामासाठी विनामूल्य मिळणाऱ्या साधनांत क्वांटम एस्प्रेसो मला सर्वांत उजवे वाटते. पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या गणितावरून त्याचे गुणधर्म काढणारे आणि इटलीतील त्रिएस्ते येथील संशोधकांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे सॉफ्टवेअर जीएनयू परवान्याखाली खुले आहे. व्हिएन्नाच्या ‘व्हास्प’ या अशाच सॉफ्टवेअरप्रमाणे परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत, ही आपल्याकडच्या विद्यापीठांतील संशोधक विद्यार्थ्यासाठी लहान गोष्ट नव्हे.

याच्या मुळाशी कोन आणि शॅम यांनी 1965 साली मांडलेली समीकरणे आहेत. इलेक्ट्रॉनांची एक घनता गृहीत धरायची, तिच्यावरून नवी घनता काढायची आणि दोन्ही जुळेपर्यंत हे चक्र चालवत राहायचे, अशी त्याची रीत आहे. मोठ्या रचनेत अणू दुप्पट झाले की काम आठपटीच्या आसपास जाते. म्हणूनच दोन अणूंचे सिलिकॉन लॅपटॉपवर सुटते, पण शे-दोनशे अणूंच्या कॅथोडसाठी (बॅटरीच्या धन टोकाच्या पदार्थासाठी) पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारखा महासंगणक लागतो. तिथेही के-बिंदूंचे (स्फटिकाचे गणन ज्या नमुना-बिंदूंवर होते त्यांचे) गट नीट न पाडता नुसते प्रोसेसर वाढवले, तर बराचसा वेळ त्यांच्या आपसांतील निरोपानिरोपीतच जातो. सामायिक यंत्रावर जॉबची वेळमर्यादा असते. ‘मॅक्स सेकंद्स’ हा गणन किती सेकंद चालवायचे ते सांगणारा आकडा त्याहून थोडा कमी ठेवला, की गणन व्यवस्थित थांबते आणि पुढच्या खेपेस तिथूनच सुरू करता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

दोष मात्र गंभीर आहे. तरंगफलने, म्हणजे इलेक्ट्रॉनांची गणिती रूपे, किती बारकाईने मांडायची हे ठरवणारी ऊर्जामर्यादा वापरणाऱ्यानेच द्यायची असते आणि ती अपुरी दिली तरी सॉफ्टवेअर निमूटपणे उत्तर छापते. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून ऊर्जा स्थिरावते का, हे तपासल्याशिवाय त्या उत्तरावर विसंबू नये. चक्र जुळत नसेल, तर ‘मिक्सिंग बीटा’ (दर फेरीत नव्या घनतेचा किती वाटा मिसळायचा तो आकडा) मूळच्या 0.7 वरून 0.3 पर्यंत खाली आणल्यास बहुधा मार्ग निघतो.

काही उणिवा सॉफ्टवेअरच्या नसून सिद्धान्ताच्या आहेत. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठीच्या नेहमीच्या अंदाजसूत्रांनी सिलिकॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधले सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अंतर (बँड गॅप) जवळजवळ निम्मे येते. लिथियम आयर्न फॉस्फेट या कॅथोडचा सुमारे 3.4 व्होल्टचा विद्युतदाबही बराच कमी निघतो. लोहाच्या इलेक्ट्रॉनांसाठी हबर्ड दुरुस्ती (एकाच अणूवरील इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील प्रतिकर्षणाची वाढीव तरतूद) लावल्यावर तो प्रत्यक्षाजवळ येतो. लिथियमचा आयन स्फटिकातून सरकताना किती ऊर्जेचा अडथळा ओलांडतो, हे काढणारा ‘नेब’ हा भाग मात्र बॅटरीवाल्यांनी अवश्य वापरावा.

निकाल साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मिळतात, त्यामुळे स्फटिकाचे चित्र पाहण्यासाठी ‘एक्सक्रिसडेन’ हे सॉफ्टवेअर वेगळे बसवून घ्यावे लागते.