पेटंट की डिझाइन नोंदणी : साबणदाणी जोडलेल्या टॉवेल रॉडचा प्रश्न

स्टीलच्या टॉवेल रॉडच्या टोकाला साबणदाणी जोडली, तर तो शोध ठरतो का? पेटंटच्या वाटेने गेल्यास उत्तर बहुधा नकारार्थीच येईल, कारण पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ नुसार, माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर त्याला शोध म्हणता येत नाही. भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाविषयीच्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, कारखान्यात सहज सुचणारी सुधारणा पेटंटला पुरत नाही, असेच सांगितले. मात्र साबणाचे पाणी दाणीत न साचता पोकळ रॉडमधूनच निथळून जाईल अशी रचना केली, तर दोन्ही भाग एकमेकांच्या आधाराने काम करू लागतात आणि बाजू थोडी भक्कम होते. तरीही त्या कामातल्या जाणकाराला ती अर्जाच्या तारखेआधी सहज सुचली असती का, हे तपासावेच लागते. वस्तू समोर आल्यावर सगळेच सोपे वाटते, हा मोह तपासणाऱ्यानेही टाळायला हवा.

डिझाइन कायदा, २००० मात्र केवळ डोळ्यांना दिसणारे रूप पाहतो. पेटंटच्या २० वर्षांऐवजी येथे १० आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. दाणीचा घाट खरोखर वेगळा असेल, तर मी हीच वाट धरीन. पाणी निथळण्याची युक्ती मात्र या नोंदणीने राखली जात नाही.