प्रेमाच्या नावाने लुबाडणूक: उघड झाल्यावर दुसऱ्यांदा फसू नका

प्रेमाचं नाटक करणारे लगेच पैसे मागत नाहीत. आधी कित्येक आठवडे रोजची विचारपूस, लग्नाच्या गोष्टी, मग हळूच ‘सध्या घरी सांगू नकोस’. सगळी मदार या गुप्ततेवर असते, कारण तिसऱ्या माणसाला ऐकताक्षणीच संशय येतो. पुढे अपघात, अडकलेलं पार्सल किंवा गुंतवणुकीचं अ‍ॅप. यात अ‍ॅपचा डाव सर्वांत घातक: पहिला छोटा नफा खरोखर काढू देतात आणि विश्वास तिथेच बसतो. मोठी रक्कम अडकली की ‘आधी कर भरा’ सुरू होतं. हा कर शिल्लक रकमेतूनच का कापत नाही, असं विचारून पाहा, टोलवाटोलवीच होईल.

फसणारे भाबडेच असतात, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये अशा जवळपास ७०,००० तक्रारी आल्या. त्यांत गेलेले पैसे १.३ अब्ज डॉलर. अनेकदा पलीकडे एक माणूस नसतोच, ठरलेली संवादसंहिता घेऊन पाळीपाळीने लिहिणारी टोळी असते.

संशय पक्का झाला की जाब विचारू नका. समोरचा खातं पुसून पसार होतो. रागाच्या भरात चॅट पुसून टाकणं हीदेखील नेहमीची चूक. आधी बँकेला तिच्या अधिकृत क्रमांकावर फोन करा, कारण पैसे काही तासांत खात्यांमागून खाती फिरतात. मग प्रोफाइलची लिंक, फोन क्रमांक, तारखांसकट संदेश, व्यवहार क्रमांक आणि क्रिप्टोचलनात पैसे दिले असतील तर ते ज्या डिजिटल वॉलेटवर गेले त्याचा पत्ता जपून ठेवा, पोलिसांत तक्रार करा आणि त्यानंतरच ब्लॉक करा. फसवणाऱ्यांनी सांगितलेलं एखादं अ‍ॅप फोनमध्ये घेतलं असेल, तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. तुमच्या खात्यात कुणाचे पैसे घेऊन पुढे पाठवले असतील, तर तेही बँकेला आणि वकिलाला सांगा. लपवलं तर तुम्हीच साथीदार ठरू शकता. खासगी फोटोंवरून धमकी आली तर एकदाही पैसे देऊ नका. मागणी थांबत नाही, वाढते.

खरा धोका यानंतर. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा वकील किंवा अधिकारी उगवतो. तो आगाऊ फी मागतो. कधी तोच प्रियकर वा प्रेयसी परतून कबुली देते: ‘आधी फसवत होते, पण आता खरंच जीव जडलाय.’ यावर पुन्हा पैसे दिले जातात, कारण पुरावा हाती आला म्हणून ओढ संपत नाही.

त्यामुळे घरच्यांचं ‘इतकं कसं कळलं नाही?’ फार नुकसान करतं. माणूस पुन्हा गप्प होतो, आणि टोळीला तेच हवं असतं. गेलेल्या पैशांइतकंच गेलेल्या नात्याचं दुःखही खरं असतं. ते बोलू द्या. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुढचे काही महिने बँकेतली दैनंदिन व्यवहारमर्यादा कमी करून घ्या आणि नवा कोणताही पैशाचा निर्णय विश्वासातल्या एका माणसाला दाखवून, एक रात्र मध्ये जाऊ देऊनच घ्या.