सिडको ते बजाजनगर: सिटी बसचं एक वर्ष

मागच्या श्रावणात आमच्या छत्रपती संभाजीनगरात नगर नाक्याजवळ स्कूटी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी अकाउंट्स बघते. जीएसटीची तारीख काही कुणाच्या मनगटासाठी थांबत नाही, म्हणून दीड महिना सिटी बसनं जायचं ठरवलं. प्लास्टर निघून आता वर्ष होत आलं, तरी मी बसनंच जाते. घरचे म्हणतात, घाबरली. तसं काही नाही. (बरं, थोडं तसंही आहे.)

रूट सांगते. सिडको बसस्थानक, सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, छावणी, नगर नाका, गोलवाडी, ए.एस. क्लब, पंढरपूर, बजाजनगर. अंतर 18-20 किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर पन्नास मिनिटं लागतात. मोकळा नसला तर घड्याळ बघायचं नाही. स्कूटीला महिन्याला 2400-2500 रुपयांचं पेट्रोल लागायचं. तिकिटाचा खर्च त्याहून कमी होतो, पण फार कमी नाही. पैसे वाचवायला म्हणून कुणी बसकडं वळणार असेल तर आधी हिशोब करून बघा.

माझी सकाळची बस सिडकोतूनच सुटते, त्यामुळं सीट मिळते. कुठली घ्यायची ते सांगते, कारण हे मला कळायला दोन महिने गेले. ड्रायव्हरच्या बाजूची, म्हणजे उजवीकडची, मागच्या चाकाच्या पुढची. वाळूजकडं जाताना ऊन डाव्या अंगाला मागून येतं आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा डावीकडूनच. मे महिन्यात पारा 42 ला टेकला की या गोष्टीची किंमत कळते. रोजचे लोक चढल्या चढल्या उजवीकडं सरकतात. नवीन माणूस डावीकडं ऐसपैस बसतो, आणि क्रांती चौक यायच्या आत ओढणी नाहीतर रुमाल काचेला लावायला लागतो. चाकावरच्या सीटवर मात्र बसू नका. गुडघे छातीला लागतात, डबा मांडीवर राहत नाही.

जालना रोडची एक गंमत आहे. सेव्हन हिल, मोंढा नाका, क्रांती चौक, तिन्ही ठिकाणी उड्डाणपूल आहेत. गाड्या वरून भुर्रकन जातात. आमची बस खालून, कारण स्टॉप खाली. पुलाखालचा सिग्नल लागला की वरून जाणाऱ्यांच्या टायरचा आवाज ऐकत बसायचं. सुरुवातीला चिडायचे. आता क्रांती चौकात सिग्नल लागला तर बरंच वाटतं, शिवाजी महाराजांचा पुतळा नीट बघायला मिळतो. 2022 मध्ये शिवजयंतीच्या आदल्या रात्री त्याचं अनावरण झालं. तेव्हा गर्दीत मला घोड्याचे पायसुद्धा दिसले नव्हते. जवळच काळा चबुतरा आहे. 1857 च्या उठावात इथल्या शिपायांना तिथंच मृत्युदंड दिला होता. स्कूटीवरून सोळा वर्षं त्याच्या बाजूनं गेले आणि एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर मनगट आधीच मोडलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते स्टॉपवर. बस उभी राहायची ती जागा रिक्षांची झालेली असते. "वाळूज, वाळूज, पंढरपूर, एक सीट, एक सीट" असा पुकारा चालू, आणि त्या एका सीटवर आधीच दीड माणूस. मग बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि आपण मोटारसायकली चुकवत तिच्याकडं पळायचं. एकदा एका रिक्षावाल्या काकांना म्हटलं, "काका, थोडी मागं घ्या ना." ते म्हणाले, "मॅडम, मागे भी अपनाच भाई खडा है, किधर लेऊं?" मागं बघितलं तर खरंच, नऊ रिक्षा. आणि गंमत अशी की बजाजचा कारखाना वाळूजला आला 1985 मध्ये, तिथं तीनचाकी बनतात आणि त्याच्याच अंगानं बजाजनगर वाढलं. म्हणजे बसची जागा अडवून उभ्या राहणाऱ्या या रिक्षांपैकी कितीतरी जणींचं माहेर याच रूटच्या शेवटच्या टोकाला आहे.

दुसरा रोजचा तंटा अर्ध्या तिकिटाचा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. ती सवलत एसटीच्या गाड्यांची, शहरातल्या बसला ती लागू नाही. पण जालन्याहून, परभणीहून लाल परीनं अर्ध्या तिकिटात आलेली बाई सिडकोत उतरून या बसमध्ये बसते, तिला हे कोण सांगणार? कंडक्टर सांगतो. दिवसातून किती वेळा सांगत असेल देव जाणे. सकाळी त्याचा आवाज समजुतीचा असतो, संध्याकाळी फक्त "पूर्ण, मावशी, पूर्ण" एवढंच. मला दोघांचंही पटतं. चांगली गोष्ट म्हणजे मोबाइलवरून पैसे देता येतात, त्यामुळं सुट्ट्यांचं भांडण निम्म्यावर आलंय. उरलेलं निम्मं नेट नसतं तेव्हाचं.

याच कंडक्टरची एक आठवण. सिडकोला एक म्हातारी चढली, नऊवारी, हातातल्या पिशवीत झाकणाला दोरी बांधलेला तेलाचा डबा. "पंढरपूरला जायलीय का रे गाडी?" तो म्हणाला, "जाते." मग त्यालाच शंका आली. जवळ येऊन, वाकून, मोठ्यानं समजावायला लागला, "आजी, हे वाळूजचं पंढरपूर. सोलापूरकडचं नव्हं. चंद्रभागा नाही हितं. तुम्हाला मोठ्या स्टँडवर जावं लागतंय." म्हातारीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठाव हाय की बाबा. माझी लेक ऱ्हायलीय तिथं बारा वर्सं झाले. तू तिकीट फाड." अख्खी बस हसली, तोही हसला. ए.एस. क्लब येईपर्यंत तिनं मला विचारून घेतलं की पगार किती, मुलं किती, आणि सिडकोत आमच्या एन-नऊला पाणी कितव्या दिवशी येतं.

हे धाकटं पंढरपूर आषाढीला खरं कळतं. रात्रीपासून शहरातून माणसं चालत निघतात, नगर रोड माणसांनी भरतो, वाहतूक वळवतात. त्या दिवशी या रूटचा भरवसा धरू नका. मी सुट्टी टाकते. मागच्या वेळी टाकली नाही, आणि नगर नाक्यापासून दिंडीबरोबर चालत कामाला गेले. साहेब म्हणाले, "वारी केली म्हणा की." हाफ डे लावलाच.

रूटचा सर्वांत सुंदर तुकडा छावणीचा. जालना रोडच्या काचा आणि बोर्ड संपतात, झाडं सुरू होतात, एकदम दोन अंश थंडावा. गुरुवारी मात्र छावणीचा बाजार असतो. संध्याकाळी मेथीच्या जुड्या, कांद्याची पोती, एकदा तर पाटीत झाकलेल्या दोन कोंबड्या, सगळं आत येतं. कोंबड्यांचं तिकीट कंडक्टरनं मागितलं नाही. गोलवाडीचा रेल्वे पूल आला की पुन्हा ट्रकांच्या मागं लागायचं. तिथं मी पुस्तक उघडते. स्कूटीवर सोळा वर्षांत एक पान वाचलं नव्हतं.

आता संध्याकाळचं. सकाळच्या बसला पाचपैकी चार देईन. संध्याकाळच्या बसला दोन, तेही ड्रायव्हरकडं बघून. बजाजनगरच्या मोहटादेवी चौकात साडेसहाला उभं राहिलं की कधी वीस मिनिटांत बस येते, कधी पाऊण तास येत नाही, आणि मग दोन एकामागं एक. पहिली दरवाज्याला लटकलेली, दुसरी अर्धी रिकामी. लोक तरी पहिलीतच घुसतात. कारण "दुसरी येतीय मागं" हे वाक्य सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर आता कुणाचाच विश्वास नाही. जुलैच्या एका संध्याकाळी पाऊस, अंधार, स्टॉपवरचा दिवा बंद, आम्ही पाच जणी. सव्वा तास. शेवटी पाचही जणी एका रिक्षात कोंबून नगर नाक्यापर्यंत आलो. तक्रारीचा फोन लावला होता, घंटी वाजत राहिली. त्यानंतर आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. माझ्या आधीच्या रांजणगाव फाट्याला जी चढते ती टाकते, "निघाली. गर्दी आहे." किंवा "निघाली. बसायला जागा." मग मी ऑफिसातून उठते. या एका मेसेजनं माझी रोजची निदान पंचवीस मिनिटं वाचतात.

स्कूटी जिन्याखाली आहे. बॅटरी उतरलीय. लेक म्हणतो विकून टाकू. मी म्हटलं, थांब, एवढा पावसाळा जाऊ दे.